राज्यसेवेचा अभ्यास सुरू करताय? आधी प्रश्नपत्रिका उघडा

राज्यसेवा, म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची अधिकारी होण्यासाठीची परीक्षा, द्यायची असं ठरलं की पुण्यात आलेला माणूस पहिल्या आठवड्यात पुस्तकांच्या दुकानांसाठी अप्पा बळवंत चौकात जातो. मीही गेलो. जाताना रिकामी सॅक होती, येताना रिक्षा करावी लागली. राज्यव्यवस्थेची तीन पुस्तकं, इतिहासाची चार, चालू घडामोडींची मासिकं, शिवाय दुकानदाराने ‘हे सगळे नेतात’ म्हणून हातात ठेवलेलं एक जाडजूड ठोकळावजा पुस्तक. दोन वर्षांनी हा ढीग एका ज्युनिअरला दिला, तेव्हा निम्म्या पुस्तकांत पहिल्या चाळीस पानांपुढे पेन्सिलीची एक रेघही नव्हती.

दोन प्रिलिम्स, म्हणजे पूर्व परीक्षा, अशाच गेल्या. तिसऱ्या वेळी क्रम उलटा केला. आधी आयोगाच्या प्रश्नपत्रिका, मग अभ्यासक्रम, आणि पुस्तकं सगळ्यात शेवटी. खाली तोच क्रम आहे. क्लास लावणार असाल तरी आधी हे करून बघा. निदान क्लासमध्ये काय शिकवतायत आणि काय राहतंय, ते कळेल.

परीक्षा नक्की किती गुणांची?

गंमत वाटेल, पण अभ्यासिकेत सहा महिने बसलेल्या मुलांनाही हे नीट सांगता येत नाही. पूर्व परीक्षेत दोन पेपर. पहिला सामान्य अध्ययनाचा: १०० प्रश्न, २०० गुण, दोन तास. दुसरा सी-सॅट, म्हणजे उतारे आणि बुद्धिमापनाचा: ८० प्रश्न, २०० गुण, दोन तास. दोन्हीकडे (सी-सॅटमधले निर्णयक्षमतेचे प्रश्न सोडून) चुकलेल्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या गुणांचा एक-चतुर्थांश भाग कापला जातो. सी-सॅट आता फक्त पात्रतेपुरता आहे, म्हणजे ३३ टक्के पडले की झालं. मेरिट पहिल्या पेपरवर लागतं.

मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. आधी ती जवळजवळ सगळी गोळे काळे करण्याची होती. हा बदल खरं तर २०२३ मध्येच येणार होता. तेव्हा पुण्यात मुलं अलका चौकात रस्त्यावर बसली आणि तो दोन वर्षं पुढे गेला. आता मराठी आणि इंग्रजी हे प्रत्येकी ३०० गुणांचे दोन पेपर फक्त पात्रतेसाठी आहेत. निबंध २५०, सामान्य अध्ययनाचे चार पेपर प्रत्येकी २५०, वैकल्पिक विषयाचे दोन पेपर प्रत्येकी २५०. एकूण १७५०. मुलाखत २७५ ची, म्हणजे सगळे मिळून २०२५ गुण. जुने सीनिअर ८०० गुणांच्या मेन्सच्या, म्हणजे जुन्या मुख्य परीक्षेच्या, गोष्टी सांगतील. त्यांचा अनुभव मोलाचा आहे, पण त्यांचं नियोजन जसंच्या तसं उचलू नका. ती परीक्षा आता नाही.

पहिले पंधरा दिवस: फक्त प्रश्नपत्रिका

आयोगाच्या संकेतस्थळावरून मागच्या पाच वर्षांचे पूर्व परीक्षेचे पेपर आणि त्यांच्या अंतिम उत्तरतालिका उतरवून घ्या. अंतिमच घ्या. पहिल्या उत्तरतालिकेवर हरकती येतात, काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. बाजारातल्या संचांमध्ये जुनी उत्तरं तशीच राहून गेलेली मी पाहिली आहेत.

मग एक पेपर घड्याळ लावून सोडवा. काहीही वाचलेलं नसताना. वीस बरोबर येतील, पंचवीस येतील, काही बिघडत नाही. खरं काम त्यानंतर सुरू होतं. प्रत्येक प्रश्नासमोर पेनाने विषय लिहा, विषयाखाली घटक लिहा. ‘भूगोल’ एवढंच नको, ‘भूगोल, महाराष्ट्रातल्या नद्या, उपनद्या कुठे मिळतात’ असं लिहा. पाच पेपर असे झाले की पाचशे प्रश्नांची यादी हातात येते आणि डोळ्यांसमोर एक चित्र उभं राहतं. इतिहास, भूगोल, राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था, विज्ञान, पर्यावरण, चालू घडामोडी यांच्यात प्रश्न कसे वाटले जातात, कोणता घटक दरवर्षी येतो, कुठला पाच वर्षांत एकदाच डोकावला. त्या एकदाच डोकावलेल्या घटकावर मी माझ्या पहिल्या वर्षी पूर्ण महिना घालवला होता.

आता अभ्यासक्रमाचं पान छापून घ्या आणि अभ्यासाच्या टेबलासमोर भिंतीला चिकटवा. यादीतला प्रत्येक घटक त्यावर शोधा. इथून पुढे कुठलंही पुस्तक उघडताना एकच प्रश्न विचारायचा: हे पान त्या भिंतीवरच्या कागदात कुठे बसतं? बसत नसेल तर उलटा.

एक प्रश्न जवळून बघू

आयोग आता साधं ‘कधी झालं’ फारसं विचारत नाही. विधानं देतो. समजा असा प्रश्न आहे:

७३ व्या घटनादुरुस्तीबाबत योग्य विधाने ओळखा. अ) तिने घटनेत भाग नऊ समाविष्ट केला. ब) अकराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत. क) महिलांसाठी किमान निम्म्या जागा राखीव ठेवण्याची तरतूद केली.

पुस्तक दोनदा वाचलेला मुलगाही इथे तीनही विधानांवर खूण करून येतो. अ बरोबर आहे. ब मध्ये १८ हा आकडा ओळखीचा वाटतो, म्हणून मन ‘हो’ म्हणतं. पण १८ विषय बाराव्या अनुसूचीत, नगरपालिकांसाठी आहेत. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत २९. क मध्ये तर दोन खऱ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. घटना किमान एक-तृतीयांश म्हणते. निम्म्या जागा महाराष्ट्राने २०११ पासून आपल्या कायद्याने दिल्या. प्रश्न घटनादुरुस्तीबद्दल आहे, राज्याच्या कायद्याबद्दल नाही.

हा प्रश्न चुकला तर वहीत काय लिहायचं? ‘पंचायत राज पुन्हा वाचणे’ असं लिहिलंत तर काही लिहिलं नाही. लिहायचं असं: ‘२९ ग्रामीण, ११ वी, १८ शहरी, १२ वी. घटना १/३, महाराष्ट्र १/२. प्रश्नात कोणाबद्दल विचारलंय त्यावर गोल कर.’ माझ्या चुकांच्या वहीत अशा नोंदी होत्या आणि प्रत्येकीपुढे एक अक्षर: ‘न’ म्हणजे माहीतच नव्हतं, ‘वि’ म्हणजे वाचलं होतं पण विसरलो, ‘घा’ म्हणजे घाईत प्रश्न चुकीचा वाचला, ‘तु’ म्हणजे तुक्का. महिन्याच्या शेवटी मोजलं तर ‘घा’ सगळ्यांत जास्त निघाले. मी तोवर आणखी एक पुस्तक विकत घ्यायच्या विचारात होतो! ‘अयोग्य विधान निवडा’ यातला ‘अ’ न दिसणं कुठल्याही पुस्तकाने बरं होत नाही. त्या शब्दाखाली रेघ मारायची सवय लावावी लागते.

पुस्तकं: एका विषयाला एक

पाया बालभारतीच्या पुस्तकांचा. इयत्ता पाचवी ते बारावीची इतिहास, भूगोल, विज्ञान, नागरिकशास्त्र. महिनाभरात आरामात वाचून होतात. कॉलेज केलेल्या माणसाला सातवीचं भूगोल हातात धरायला लाज वाटते. वाटू द्या. त्यानंतर प्रत्येक विषयाला एक प्रमाण पुस्तक. दुसरं पुस्तक घ्यायची परवानगी स्वतःला तेव्हाच द्या, जेव्हा पहिलं तीनदा वाचून झालंय आणि प्रश्नपत्रिकांच्या यादीतला एखादा घटक त्यात सापडत नाहीये. अर्थव्यवस्थेसाठी राज्य सरकारची ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ दर अर्थसंकल्पाच्या आधी येते आणि फुकट उतरवता येते. ती आख्खी वाचायची नसते. प्रकरणांच्या सुरुवातीचा गोषवारा आणि तक्ते पुरेत.

चालू घडामोडींना रोज एक वर्तमानपत्र, चाळीस मिनिटं, आणि महिन्याला एक मासिक. टेलिग्रामवर रोज पडणाऱ्या पीडीएफ जमवणं हा अभ्यास नव्हे. माझ्या फोनमध्ये एकेकाळी अशा तीनशे फाइल होत्या, उघडलेल्या अकरा.

भूगोल हाताने, इतिहास धाग्याने

भूगोल वाचून राहत नाही, काढून राहतो. कोरे नकाशे घ्या. समजा कृष्णा काढताय. महाबळेश्वरला ठिपका द्या आणि खाली या. साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा मिळते. कराडला प्रीतिसंगमावर कोयना. पुढे डाव्या हाताने येरळा येते ती ब्रह्मनाळला. सांगलीजवळ हरिपूरला वारणा आणि नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. भीमा मात्र महाराष्ट्रात कृष्णेला मिळतच नाही. ही एक ओळ किती जणांचे गुण घेऊन गेली असेल! पाच वेळा हाताने काढलेली कृष्णा परीक्षेच्या खोलीत डोळे मिटले तरी दिसते. घाटांचंही तसंच: कुंभार्ली चिपळूण-कराड, आंबा रत्नागिरी-कोल्हापूर, आंबोली सावंतवाडी-बेळगाव. उत्तरेकडून दक्षिणेकडे ओळीने काढा, ‘उत्तर-दक्षिण क्रम लावा’ हा प्रश्न त्यातच सुटतो.

इतिहासात सनावळ्या पाठ करणाऱ्यांची दमछाक होते ती महाराष्ट्रातल्या समाजसुधारकांपाशी. प्रार्थना समाज १८६७, सार्वजनिक सभा १८७०, सत्यशोधक समाज १८७३, डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४, डिप्रेस्ड क्लासेस मिशन १९०६, रयत शिक्षण संस्था १९१९. नुसते आकडे आठवडाभरात उडून जातात. त्यांना माणसांच्या धाग्यात ओवा. रानडे प्रार्थना समाजातही आहेत आणि सार्वजनिक सभेतही. सभा काढली सार्वजनिक काकांनी (गणेश वासुदेव जोशी), पण रानडे पुण्यात आल्यावर तिला धार आली. विठ्ठल रामजी शिंदे प्रार्थना समाजाचेच प्रचारक, तिथूनच पुढे त्यांचं मिशन उभं राहिलं. भाऊराव पाटलांवर सत्यशोधक विचारांचा आणि शाहू महाराजांच्या कोल्हापूरचा संस्कार, म्हणून रयत कुठून आली ते कळतं. एका मोठ्या कागदावर ही नावं लिहून बाणांनी जोडा. क्रम लावायचा प्रश्न मग पाठांतरावर राहत नाही.

विज्ञानाबद्दल एवढंच की कला शाखेच्या मुलांनी घाबरू नये. आठवी ते दहावीची पुस्तकं आणि जुने प्रश्न इतकं नीट केलं तर बऱ्यापैकी हाताशी येतं.

सी-सॅटला हलकं घेऊ नका

पात्रतेपुरता आहे म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलला आणि पहिल्या पेपरात चांगले गुण असूनही बाहेर पडला, असा मित्र प्रत्येक अभ्यासिकेत एक तरी असतो. हिशेब बघा. २०० चे ३३ टक्के म्हणजे ६६ गुण. एका प्रश्नाला अडीच. बरोबर २७ आले आणि एकही चुकला नाही तर ६७.५. पण चुकणार तर आहेतच. ३२ बरोबर, १५ चूक धरले तर ८० वजा सुमारे साडेनऊ, म्हणजे सत्तरच्या आसपास. म्हणजे ४७ प्रश्न शांतपणे सोडवायचेत, ८० नाही. मोठा भाग उताऱ्यांचा असतो. आधी स्वतःच्या भाषेतले सोपे उतारे, मग निर्णयक्षमतेचे प्रश्न (त्यांना ऋण गुण नसतात, एकही सोडू नका), मग जमेल तेवढं बुद्धिमापन. शेती किंवा गणित-विज्ञानाच्या पदवीचे विद्यार्थी बुद्धिमापनात रमतात आणि उतारे राहून जातात. आठवड्याला दोन संध्याकाळी, घड्याळ लावून, पहिल्या महिन्यापासून एवढं पुरतं.

तुक्का कधी मारायचा

पहिल्या पेपरात बरोबरला दोन, चुकीला अर्धा गुण वजा. चारही पर्याय अनोळखी असताना दर चार तुक्क्यांत सरासरी एक बरोबर येईल: दोन मिळाले, दीड गेला, हातात अर्धा गुण. त्यासाठी जीव धोक्यात घालू नये. पण दोन पर्याय खात्रीने कटले असतील तर अशा आठ प्रश्नांत चार लागले तरी ८ मिळतात, २ जातात, ६ उरतात. कट-ऑफच्या आसपास ६ गुण म्हणजे काय, ते ज्यांची प्रिलिम एका गुणाने गेली त्यांना विचारा. हे सगळं परीक्षेत ठरवायचं नाही. टेस्ट सिरीजमध्ये प्रत्येक उत्तराशेजारी ‘खात्री’, ‘दोनातून एक’, ‘तुक्का’ अशी खूण करा आणि दहा टेस्टनंतर आपला हिशेब काढा. कोणाचे ‘दोनातून एक’ सत्तर टक्के बरोबर येतात, कोणाचे तीस. किती प्रश्न अटेम्प्ट करायचे हे ज्याचं त्याचं असतं.

लिहिण्याचा सराव प्रिलिम्सआधीच

वर्णनात्मक मेन्समुळे हे नवं ओझं आलं आहे. मराठी माध्यमातून शिकूनही गेली चार वर्षं आपण मराठी फक्त अंगठ्याने टाइप केलेली असते. तीन तास पेन धरून बघा, दीड तासात मनगट भरून येतं. रोज एक उत्तर लिहा, साधारण दीडशे शब्द, आठ-नऊ मिनिटांत.

उदाहरणार्थ, ‘महाराष्ट्रातील पंचायत राज व्यवस्थेचं वेगळेपण’. बहुतेकांचं उत्तर ‘भारत हा खेड्यांचा देश आहे’ इथून सुरू होतं आणि तीन ओळी तिथेच संपतात. त्याऐवजी पहिल्याच वाक्यात मुद्द्यावर या: बलवंतराय मेहता समितीने भर दिला पंचायत समितीवर, तर १९६० च्या वसंतराव नाईक समितीने जिल्हा परिषदेला वजन दिलं. मग १९६१ चा अधिनियम आणि १ मे १९६२ पासूनची अंमलबजावणी. मग त्याचा परिणाम: जिल्हा पातळीवर नेतृत्व तयार झालं, शिक्षण आणि आरोग्याची यंत्रणा परिषदेकडे आली. शेवटी अडचण: निधीसाठी राज्याकडे बघावं लागतं, निवडणुका रखडल्या की प्रशासक येतो. बारा-तेरा वाक्यांत उत्तर पूर्ण. हे कोणाला तरी तपासायला द्या. आपलं अक्षर आणि आपले मुद्दे आपल्याला नेहमीच सुवाच्य वाटतात.

वैकल्पिक विषय सुरुवातीच्या तीन महिन्यांत ठरवा. ‘स्कोअरिंग’ या शब्दावर जाऊ नका. अभ्यासक्रम वाचा, यूपीएससीचे त्याच विषयाचे जुने पेपर बघा, मराठीतून लिहिणार असाल तर मराठीत साहित्य किती आहे ते बघा, आणि एक प्रकरण वाचून कंटाळा येतो का ते बघा. पाचशे गुणांचा विषय आहे.

दिवस, जागा, पैसे

चौदा तास अभ्यास करणारे मी पाहिले आहेत. त्यातले पाच तास चहाच्या टपरीवर जात. सात-आठ तास खरे बसलात तर पुष्कळ. सकाळी जड विषय, दुपारी जेवणानंतर प्रश्न सोडवणं (वाचाल तर झोपाल), संध्याकाळी उजळणी आणि लेखन. रविवारी टेस्ट, सोमवारी सकाळी फक्त तिचं विश्लेषण. उजळणीला वेगळा दिवस ठेवू नका, तो कधीच येत नाही. आज वाचलेलं उद्या सकाळी दहा मिनिटं, मग आठवड्याने, मग महिन्याने.

पुण्यालाच यायला हवं असं नाही. कॉट बेसिसवरची (एका खाटेपुरतं भाडं देऊन घेतलेली) खोली, मेस आणि अभ्यासिका यांचा खर्च घरच्यांना दर महिन्याला जाणवतो आणि मग तो तुम्हाला जाणवतो. जिल्ह्याच्या गावी आता अभ्यासिका आहेत. पात्र असाल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या प्रशिक्षण योजनांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. नोकरी करणाऱ्यांनी ती सोडायची घाई करू नये. निदान पहिले सहा महिने, प्रश्नपत्रिका आणि बालभारती होईपर्यंत तरी.

नियोजन तारखेला बांधू नका. १४ मार्च २०२१ ची परीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली आणि २१ ला झाली. २५ ऑगस्ट २०२४ ची थेट १ डिसेंबरला गेली. २०२५ मध्ये पूरस्थितीमुळे २८ सप्टेंबरची ९ नोव्हेंबरला. प्रत्येक वेळी अर्धी अभ्यासिका आठवडाभर फक्त फोन बघत बसली होती. तारीख पुढे गेल्याचं कळलं तर त्या दिवशी सिनेमा बघा आणि दुसऱ्या दिवशी चुकांची वही उघडा.

शेवटचे दहा दिवस आणि परीक्षेचा दिवस

नवं काही वाचायचं नाही. चुकांची वही, नकाशे, बाणांचा तो कागद, आणि आयोगाचे दोन पेपर खऱ्या वेळेला सोडवून. दोन पेपरच्या मधल्या वेळेत उत्तरांची चर्चा करणाऱ्यांपासून लांब बसा. माझी दुसरी प्रिलिम तिथेच गेली, असं मला अजून वाटतं. सात प्रश्न चुकले असं कळलं आणि सी-सॅटचे दोन उतारे डोळ्यांखालून गेले, डोक्यात काही गेलं नाही. नंतर अंतिम उत्तरतालिकेत त्या सातांपैकी तीन बरोबर निघाले.

उत्तरपत्रिकेत गोळे शेवटच्या दहा मिनिटांवर ठेवू नका. दर पंचवीस प्रश्नांनंतर भरा. संध्याकाळी क्लासवाल्यांच्या उत्तरतालिका यायला लागतील आणि तीन ठिकाणी तीन वेगवेगळे गुण निघतील. आयोगाची पहिली तालिका आली की एकदाच जुळवा. एखादं उत्तर चुकीचं वाटलं तर प्रमाण पुस्तकाच्या पानासह मुदतीत हरकत नोंदवा. आणि ज्या दिवशी प्रिलिम संपेल त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वैकल्पिक विषयाचं पहिलं उत्तर लिहायला बसा, निकाल लागायच्या आत.